मावशीचा ताबा

मावशी गेली त्या सकाळी तिचा कुकर वाजला नाही. नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या घराच्या मागे एक खोली आणि तिला लागून लहानसं स्वयंपाकघर आहे. तिथे ती एकटी राहायची आणि डबे करायची. वस्तीत भाड्यानं राहणारी कॉलेजची मुलं, एकदोन म्हातारी जोडपी, एक बँकेतले साहेब, अशी तिची गिऱ्हाइकं. मी उठायच्या आधी तिच्याकडे पहिली शिट्टी झालेली असायची. त्या दिवशी मी चहा घेतला, केस विंचरले, शिकवायला जायची शाळेची बॅग भरली आणि मग लक्षात आलं की मागून काहीच आवाज येत नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. ती पलंगावर कुशीवर झोपली होती, गोधडी खांद्यापर्यंत ओढलेली. कपाळाला हात लावला आणि कळलं.

गल्लीच्या टोकाला राहणारे डॉक्टर लगेच आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांत टॉर्च मारला आणि म्हणाले, "गेल्या. झोपेतच गेल्या असाव्यात." माझ्या नवऱ्यानं त्यांना सर्टिफिकेटचं विचारलं, कारण दहनघाटावर ते मागतात एवढं आम्हाला माहीत होतं. डॉक्टर जरा अवघडले.

"त्या माझ्याकडे कधी आल्याच नाहीत," ते म्हणाले. "बीपी होतं, शुगर होती, मला काहीच माहीत नाही. मरणाचं कारण मी कशावरून लिहू?"

"मग कोण लिहील?"

"दुसऱ्या कोणाचं औषध चालू होतं?"

कोणाचंच नव्हतं. मावशी डॉक्टरकडे जात नसे. डोकं दुखलं की सुंठ उगाळून लावायची आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा कणीक मळायला बसायची.

"मग पोलिसांना कळवावं लागेल," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे बघून हळू आवाजात पुढे म्हणाले, "घाबरू नका. अचानक गेलेल्या माणसाचं असंच असतं."

मी घाबरले नव्हते. मला काही समजतच नव्हतं. घरातलं माणूस गेलं की रडायचं, नातेवाइकांना फोन करायचे, माणसं जमतात, पुढचं तीच बघतात, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. यात पोलीस कुठे बसतात ते माझ्या डोक्यात शिरेना. शाळेची बॅग अजून खांद्यालाच होती, हे शेजारच्या काकूंनी ती काढून घेतली तेव्हा मला कळलं.

पोलीस स्टेशनातून एक हवालदार आले, सोबत एक महिला शिपाई. दोघंही नीट वागले. त्यांनी खोली पाहिली, गोधडी बाजूला करून अंगावर कुठे काही खूण आहे का ते पाहिलं, शेजारच्या दोघांना पंच म्हणून बोलावलं. भिजत घातलेल्या तांदळाचं पातेलं ओट्यावर होतं, तेसुद्धा त्यांनी पंचनाम्यात लिहिलं. मग हवालदारांनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही यांच्या कोण?"

"भाची. माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण."

"आई कुठी आहे?"

"आई जाऊन बरीच वर्षं झाली."

"यांचे मिस्टर?"

मी आधी 'नाहीत' म्हणाले. मग 'आहेत' म्हणाले. हवालदारांनी पेन थांबवलं. मी सांगितलं की ते कुहीकडच्या एका खेड्यात राहतात, मावशी मी कॉलेजात असताना त्यांना सोडून आमच्याकडे आली, तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

"फारकत झाली होती? कोर्टातून?"

"नाही."

"मूलबाळ?"

"नाही."

"मंग नवराच येते सगळ्यात आधी," हवालदार म्हणाले. "बॉडीचं पीएम होईल. नंतर ताबा जवळच्या नातेवाइकाले द्यावा लागते. तुम्ही त्यांना फोन करा, नाहीतर आम्ही तिथल्या पोलीस पाटलाले सांगतो."

ताबा हा शब्द मी घराच्या बाबतीत ऐकला होता, प्लॉटच्या बाबतीत ऐकला होता. ज्या मावशीचं ताट मी रोज उचलत होते, जिला ताप आला की मीच उशाशी बसत होते, तिचा ताबा एका अशा माणसाकडे जाणार होता ज्याचा फोन नंबरही माझ्याकडे नव्हता.

गाडी आली आणि तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तेवढ्यात कॉलेजची दोन मुलं डबा न्यायला आली आणि फाटकातच थबकली.

मावशी आमच्याकडे आली तेव्हा मी एकोणीस-वीस वर्षांची असेन. एका दुपारी ती कापडी पिशवी घेऊन दारात उभी होती. आईनं तिला आत घेतलं, जेवायला वाढलं आणि संध्याकाळी बाबांना एवढंच म्हणाली, "ती आता इथंच राहीन." कारण विचारलं की आई म्हणायची, पटलं नाही. त्यापलीकडे कधी कोणी काही सांगितलं नाही. मारहाण होती का? तिकडे दुसरी बाई होती का? सासू त्रास द्यायची का? मी मनाशी सगळे अंदाज करून पाहिले होते आणि कधीतरी ते करायचे सोडूनही दिले होते. मावशी हसरी होती, भांडखोर होती, तिच्या हाताला चव होती. भाजीवाल्याशी रोज वाद घालायची आणि तो आजारी पडला तर त्याला डबा पाठवायची. मला वाटायचं, मी तिला पूर्ण ओळखते.

आदल्या थंडीत आम्ही दोघी उन्हात मटार सोलत बसलो होतो. बोलता बोलता ती म्हणाली, "मी मेली तं मले जाळजो नोको वं. मातीत ठेवजो."

मी म्हटलं, "बरं." मग तिनं विचारलं की हे मटार उसळीला पुरतील की अजून आणायचे.

मी तेव्हा काही विचारलं नाही, कारण मला उत्तर माहीत आहे असं वाटलं होतं. मागच्या लेनमधली एक बाई महानुभाव पंथाची होती आणि मावशी तिच्याबरोबर आश्रमात जाऊ लागली होती. मटण सोडलं होतं. कधीकधी नमस्काराऐवजी दंडवत म्हणायची. त्या पंथात देह पुरतात हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मातीत ठेवजो.

त्या दिवशी दुपारी मी त्या आश्रमात गेले. तिथल्या वयस्कर बाबांनी मला बसवलं, पाणी दिलं, मावशीबद्दल चांगलं बोलले. मग म्हणाले, "पण त्यांनी उपदेश घेतला नव्हता, पंथात रीतसर आल्या नव्हत्या. यायच्या, ऐकायच्या, भांडी घासू लागायच्या. उपदेशाचं विचारलं की म्हणायच्या, पाहू."

"पण त्यांची इच्छा होती. मातीत ठेवा म्हणाल्या होत्या मला."

"इच्छा होती तर चांगलंच आहे. आमची माणसं मदतीलाही येतील. पण आमच्या म्हणून आम्ही त्यांना नेणं बरोबर नाही. घरच्यांनी ठरवावं."

घरचे म्हणजे कोण, हे मी त्यांना विचारणार होते, पण नमस्कार करून उठले.

माझ्या शाळेतल्या एका बाईंचे यजमान कोर्टात वकिली करतात. त्यांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "हे बघा," ते म्हणाले, "प्रेत कोणाच्या मालकीचं नसतं. मालमत्ता नाही ती. जवळच्या माणसाला जो हक्क म्हणतात, तो खरं तर नीट शेवट करून देण्याची जबाबदारी असते."

"म्हणजे नवऱ्यानं तिला जाळायचं ठरवलं तर?"

"तिनं लिहून ठेवलंय का काही?"

"नाही. मटार सोलताना म्हणाली होती."

"लिहिलेलं असतं तरी तो काही घराचा हिस्सा लिहून देण्यासारखा मामला नाही. गेलेल्या माणसाच्या इच्छेला मान द्यावा असं कोर्टही म्हणेल. पण आज सकाळी तिथे उभा असलेला हवालदार कोर्ट नाही. त्याच्यासाठी नवरा म्हणजे नवरा. तुम्ही बोलून मिटवा. आणि पुरायचं असेल तर जिथे परवानगी आहे अशाच जागी पुरा. कुठेही खड्डा खणता येत नाही."

मी फोन ठेवला. माझ्या नवऱ्यानं विचारलं, काय म्हणाले? मी सगळं सांगितलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. तो म्हणाला, "घाट जवळ आहे. आपल्यात जसं करतात तसं करू. त्यांच्या आत्म्याला शांती मिळेल. उगाच पंथ, नवरा, वकील कशाला?" तो वाईट हेतूनं बोलत नव्हता, मावशीवर त्याचाही जीव होता. पण मी 'बरं' म्हणाले होते ना तिला. त्या एका शब्दाचं काय करायचं ते मला उमगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावसा आले. आम्ही शवागाराबाहेरच्या झाडाखाली उभे होतो. लहानपणी एकदोनदा पाहिलं असेल, पण मला आठवत होते ते लग्नाच्या फोटोतलेच. समोर आला तो वाळलेला, उंच, पांढऱ्या मिशीचा म्हातारा. पायजमा, जुना स्वेटर, खांद्यावर दुपट्टा. पोलीस पाटलाचा निरोप मिळाल्यावर पहिल्या एसटीनं आले होते. मी रात्रभर त्यांच्याशी मनात भांडले होते. सगळे मुद्दे तयार होते: इतकी वर्षं कुठे होतात, आता कोणत्या तोंडानं हक्क सांगता.

ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तू मोठ्या साळीची पोरगी ना? तोंड तसंच आहे."

मी मान हलवली; आईसारखी दिसते असं सगळेच म्हणतात.

"कुठी नेऊन राहिली तिले?"

म्हणजे ते मलाच विचारत होते. मी एका दमात म्हणाले, "तिला जाळायचं नाही. ती मला म्हणाली होती, मातीत ठेवजो."

मावसा खाली बसले. नवऱ्यानं त्यांना धरलं, पाणी दिलं. त्यांनी पाणी प्यायलं नाही, बाटली हातात धरून ठेवली.

"असं म्हणली ते?"

"हो."

"मंग तिले वावरात न्या लागते," ते म्हणाले.

मला वाटलं, आपल्या शेतात न्यायचं म्हणतात, हक्क सांगायला सुरुवात झाली. मी विचारलं, "वावरात काहून?" रागानं बोलले की माझ्या तोंडी तीच भाषा येते.

मग ते बोलू लागले. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना मुलगी झाली होती. काही दिवस जगली आणि गेली. लहान मुलांना जाळत नाहीत, म्हणून मावसा आणि त्यांचे वडील तिला कापडात गुंडाळून धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, घेऊन गेले आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, पळसाखाली मातीत ठेवून आले. मावशी बाळंतीण होती, अंथरुणावर होती. बायकांनी जायचं नसतं, म्हणून तिला कोणी विचारलंही नाही.

"उठून हिंडाले लागली तशी विचारे, कुठी ठेवली? मले दाखवा. बुढा म्हणे, दाखवायचं नाही. आईनं ते जागा पाह्यली तं पुढचं लेकरू नाही जगत. मी बापाच्या शब्दाबाहेर नव्हतो."

"मग?"

"मंग काय. रोज विचारे. जेवाले वाढताना विचारे, निंदाले गेली तं विचारे. मी म्हणो, उद्या. बुढा मेला तवा मी म्हणलो, चाल, दाखवतो. तं तिनं विचारनंच बंद केलं होतं. 'आता नोको' म्हणे. अन् त्याच साली गेली निघून."

माझ्या मागे कोणीतरी मोठ्यानं रडत होतं, दुसऱ्याच कुणाच्या तरी घरचं माणूस. मी मावसांकडे बघत उभी राहिले. हे आईला माहीत असणार. माहीत असूनच ती 'पटलं नाही' एवढंच म्हणत राहिली. आणि मटार सोलताना मावशी म्हणाली ते यासाठी? की आश्रमात जे ऐकलं त्यासाठी? की आणखी कशासाठी, जे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं? तिनं 'वावरात ठेव' म्हटलं नव्हतं. 'मातीत ठेव' म्हटलं होतं. माती तर सगळीकडेच असते.

मला त्यांचा राग धरून ठेवता येईना आणि सोडताही येईना. वावरात न्यायला मात्र मी नाही म्हटलं नाही.

पीएम झालं. हृदय बंद पडल्यानं गेली असं डॉक्टरांनी तोंडी सांगितलं. हवालदारांनी ताबा पावती पुढे केली. मावसांनी सही केली आणि मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिची बी घ्या."

"नवऱ्याची पुरते," हवालदार म्हणाले.

"तरी घ्या."

हवालदारांनी माझीही घेतली, साक्षीदार म्हणून. मग आम्ही वावराचं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "बाबा, माझ्याकडून काही अडचण नाही. आमचं काम इथी संपलं. पण वावरात पुराले गावची परवानगी लागन. ते पाहून घ्या आधी. उद्या कोणी तक्रार केली तं पुन्हा काढा लागन, ते काय चांगलं दिसते का?"

मावसांनी त्यांच्या मोठ्या मुलाला फोन लावला. मावशी निघून गेल्यावर त्यांनी दुसरी बायको केली होती, तिची दोन मुलं. फोनचा आवाज मोठा असल्यानं आम्हाला सगळं ऐकू येत होतं. मुलगा ओरडत नव्हता, पण ठाम होता. "वावरात नाही, बाबा. उद्या विकायची वेळ आली तं कोण घेईन? अन् आई काय म्हणन? तुम्ही तिले आणा, आम्ही खांदा देतो, सगळं करतो. पण वावरात नाही."

मावसा फोन बंद करून म्हणाले, "वावर पोरायच्या नावानं करून देल्लं ना मी."

मग ग्रामसेवकाला फोन. तो तरुण असावा. त्यानं मला नीट समजावून सांगितलं, कारण मावसांनी फोन माझ्या हातात दिला. गावाची स्मशानभूमी नेमलेली आहे. त्याबाहेर कुठे जाळायचं, पुरायचं असेल तर अर्ज, जागेच्या मालकाची संमती, जवळ विहीर आहे की नाही ते पाहणं, मग मंजुरी.

"किती वेळ लागेल?"

"मॅडम, आज तं होत नाही."

"पण गावात लोक वावरात करतात म्हणे."

"करतात ना," तो म्हणाला. "मले विचारून नाही करत. तुम्ही विचारलं, म्हणून मले नाही म्हणा लागते."

मला एकदम हसू आलं आणि लगेच रडू आलं. नवऱ्यानं माझ्या हातातून फोन घेतला. तो पुढचं जे बोलला त्याबद्दल मी त्याची कायम ऋणी राहीन. त्यानं घाटाचं नावही काढलं नाही. त्यानं विचारलं, "स्मशानभूमीत पुरायची सोय आहे का?" होती. नाल्याच्या काठाला, जाळायच्या शेडपासून लांब, एक तुकडा होता. लहान मुलं तिथेच ठेवायचे आणि गावातल्या पंथाच्या माणसांनाही. तिथे परवानगीचा प्रश्न नव्हता, फक्त सरपंचबाईंना सांगायचं.

नवऱ्यानं मावसांकडे पाहिलं. मावसांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी कोणाकडे बघायचं? तिथे उत्तर देऊ शकेल असं एकच माणूस होतं आणि ते आत पांढऱ्या कापडात होतं.

"चालेल," मी म्हणाले. मीच म्हणाले. कोणत्या अधिकारानं, ते मला आजही सांगता येत नाही.

शववाहिनीतून आम्ही निघालो. मी मागे तिच्याजवळ बसले, मावसा समोरच्या बाकावर. एकदा गाडीला जोराचा धक्का बसला तेव्हा त्यांनी पटकन हात पुढे करून तिचे पाय धरले, आणि रस्ता सरळ झाल्यावर काढून घेतला.

गावात माणसं जमली होती. मावसांच्या मुलांनी खड्डा खणून ठेवला होता. जो मुलगा फोनवर नाही म्हणाला होता, त्यानंच सगळ्यात जास्त काम केलं. त्याची आईही आली होती, मावसांची दुसरी बायको, पदर डोक्यावर घेऊन लांब उभी. मी खड्ड्याकडे निघाले तसे दोन-तीन म्हातारे कुजबुजले. एक जण म्हणाला, "बाया तिकडे नाही जात, बाई."

मावसा मागे वळले. "येऊ द्या तिले," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण म्हातारे बाजूला झाले.

मग नवाच घोळ. डोकं कोणत्या दिशेला? पंथाची असेल तर एक पद्धत, नसेल तर दुसरी. कोणी विचारलं, "पंथाच्या होत्या का?" मी म्हटलं, "जात होती. उपदेश घेतला नव्हता." कोणाला काही बोध झाला नाही. एकानं मिठाची पिशवी आणली होती, ते टाकायचं की नाही यावर चर्चा झाली. हळदकुंकू लावायचं का? नवरा जिवंत आहे, म्हणजे ती सवाशीण. पण आमच्याकडे ती कुंकू लावत नसे, साधी टिकली लावायची. दुसरी बायको पुढे आली आणि कोणाला न विचारता तिनं मावशीच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले आणि परत लांब जाऊन उभी राहिली. बरं केलं की नाही, मला कळलं नाही. मी अडवलंही नाही.

डोकं शेवटी उत्तरेला केलं, कारण पुजारी नसलेल्या एका माणसानं तसं खात्रीनं सांगितलं. मीठ टाकलं. मी माती घातली. मावसांनी घातली. माती ओलसर होती, नाल्याकडची, हाताला चिकटत होती.

सूर्य मावळायला अजून वेळ होता. लोक परतले. नवरा गाडीवाल्याशी बोलत होता. मावसा मला म्हणाले, "चाल, दाखवतो."

आम्ही धुऱ्याधुऱ्यानं चालत गेलो. धान कापून झालं होतं आणि बांध्यांमध्ये लाखोळीचं कडधान्य उगवलं होतं, बारीक निळ्या फुलांचं. मावसा एका जागी थांबले. "पळस होता अठीसा," ते म्हणाले. पळस नव्हता. मुलांनी ट्रॅक्टरनं बांध्या सपाट केल्या तेव्हा धुरे सरकले होते आणि झाडं निघाली होती. त्यांनी काठीनं एक जागा दाखवली. मग आजूबाजूला पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, पुन्हा मागे आले. "नाही. हे नव्हे. थो तिकडे असन." तिकडे गेलो. तिथेही ते बराच वेळ उभे राहिले.

"इथीच कुठी तरी," ते म्हणाले.

मी विचारलं, "तिला दाखवायला निघाला होतात तेव्हा माहीत होतं?"

"तवा पळस होता ना."

मी हात जोडले. नक्की कशाला ते ठाऊक नव्हतं. समोर सगळीकडे लाखोळीच होती.

नागपूरला आल्यावर मृत्यूची नोंद करायला मी महापालिकेच्या झोन ऑफिसला गेले. माणूस जिथे मेलं तिथे नोंद होते, जिथे पुरलं तिथे नाही, हेही मला तेव्हाच समजलं. दाखल्यावर मावसांचं नाव पती म्हणून आलं. ते चूक नव्हतं. तरी मी तो कागद बाहेर येऊन पुन्हा पुन्हा वाचला. दहाव्याचं मावसांनी गावाकडे केलं. आश्रमातले बाबा घरी आले होते, ते म्हणाले आमच्यात दिवस नसतात. मी दोन्हीकडे हो म्हणाले. मागची खोली रिकामी आहे. भाड्यानं द्यायची का, असं नवऱ्यानं एकदा विचारलं आणि मग पुन्हा विचारलं नाही.

आता मावसा महिन्यातून एखाद वेळी फोन करतात. काय करतेस, जेवली का, एवढंच बोलतात. परवा मात्र त्यांनी वेगळंच विचारलं.

"तिथी एक गोटा ठेवू का? नाव नाही टाकत. ओळखाले फक्त."

मी म्हटलं, "ठेवा ना."

"पोरगा म्हणते, ते सरकारी जागा आहे. पक्कं काही करता येत नाही."

"साधा दगड ठेवायला काय होतं?"

"तेच मी म्हणलो. पण मागच्या वर्षी कोणीतरी ओटा बांधला होता तं काढा लागला. अन् पुढं जागा कमी पडली तं तिथीच दुसऱ्याले ठेवतात. मंग तिच्यावर कोणी…" ते थांबले. "तू शिकलेली आहेस. कोणाले तरी विचारून सांग."

मी विचारते म्हणाले. वकिलांना विचारावं, ग्रामसेवकाला विचारावं, की त्या बाबांना? ग्रामसेवकाला विचारलं तर तो नाही म्हणेल, कारण विचारलं. न विचारता ठेवला तर कदाचित राहील, कदाचित काढतील. मावशीला काय हवं असतं? तिनं दगडाबद्दल काही सांगितलं नव्हतं, जागेबद्दलही नाही.

मावसांचा काल पुन्हा फोन आला होता. मी उचलला, पण त्यांनी दगडाचं काढलं नाही आणि मीही काढलं नाही. त्यांनी तिकडे थंडी किती पडली ते सांगितलं. मी म्हटलं, इकडेही पडली आहे.